बदकाचं तिकीट

स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला अनुमोदन देणं, पाप या तिन्ही वाटांनी लागतं हे आपण लहानपणापासून ऐकतो. पहिल्या दोन वाटा टाळल्या की आपलं समाधान होतं. तिसरीचा नीट विचार मला करावा लागला तो एका तिकिटामुळं.

माझी भाची अमेरिकेत असते. सुट्टीला दुर्बीण घेऊन तळ्यावर पक्षी बघत बसते. तिथलं सरकार 'डक स्टॅम्प' विकतं, 25 डॉलरला. सोळा वर्षांवरच्या शिकाऱ्याला बदकं मारायची तर तो घ्यावाच लागतो, राज्याचा परवाना वेगळा. पण न मारणाऱ्यालाही तो घेता येतो, आणि तो दाखवला की सरकारी पक्षी-अभयारण्यात तिकीट पडत नाही. तिनं विचारलं, "मावशी, घेऊ का गं? की शिकारीला हातभार लागेल?"

मी लगेच उत्तर दिलं नाही, वाचत बसले. हा कायदा 1934 चा. दुष्काळ पडलेला, पाणथळी आटवून शेतं केलेली, बदकं झपाट्यानं कमी झालेली. पहिला स्टॅम्प एक डॉलरचा, चित्र डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराचं. डॉलरमागं 98 सेंट पाणथळ जागा घेण्या-राखण्यात जातात. आजवर साठ लाख एकरांहून जास्त जमीन त्यातून वाचली. म्हणजे बदकाचं घर राखलं ते मुख्यतः बदकावर गोळी झाडणाऱ्यांनी! हे वाचून आनंद मानावा की काय, मला कळेना.

फी भरल्यानं मारणं धुऊन निघत नाही, याबद्दल मला शंका नाही. पोटासाठी नाही, रक्षणासाठी नाही, हौसेनं ठरवून मारणं ही संकल्पी हिंसाच. पैसे घेणारं सरकार, देणारा शिकारी. बदकाला त्या व्यवहारात कुणी विचारलेलंच नाही. आणि खरी मेख पुढंच आहे. परवान्यांवर खातं चालतं, म्हणून शिकारी घटले की तिजोरी आटते; मग काही राज्यांची खातीच नवख्यांना शिकार शिकवायचे वर्ग भरवतात. राखणाराच मारायला माणसं जमवतो. ही झाली दुसरी वाट, करवण्याची.

ही मिंधेपणाची गाठ सुटायची कशी? मिसुरी राज्यातल्या लोकांनी 1976 मध्ये मतदान करून विक्रीकरात थोडी भर घालून घेतली, आठशेच्या खरेदीला एक, या हिशोबानं. साबण घेणारीही तिथं जंगलासाठी पैसे देते. शिकार तिथं थांबली नाही, पण शिकारी एकटाच धनी राहिला नाही. म्हणून भाचीला म्हटलं, "घे. तुझ्या स्टॅम्पवर बंदूक चालत नाही, तळं मात्र राहतं."

आपल्या देशात 1972 चा कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीनं शिकारीचे परवानेही गेले. फार चांगलं झालं. पण तळ्याचे पैसे कोण देतं? पांजरपोळाला, मंदिराला आपला हात सढळ असतो. पाणथळीसाठी कुणी पावती फाडल्याचं मी ऐकलेलं नाही. उलट तळं बुजवून प्लॉट पडले की पहिली चौकशी दराची आणि पूर्वेकडच्या दाराची. तिथली बदकं, बगळे, मासे कुठं गेले? त्यांना मारायला परवाना लागला नाही, गोळीही नाही. असा प्लॉट घेताना अनुमोदनाचा विषय कुठल्या घरात निघाला असेल, तर मला जरूर कळवा.