शेंदूर आणि इम्पाला

2017 च्या एप्रिल महिन्यात वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या मोठ्या पेटीत एक गुलाबी मोटार ठेवली होती. 1964 ची शेव्हरोले इम्पाला. बॉनेटपासून डिकीपर्यंत वेलीपानांसकट गुलाबच गुलाब रंगवलेले, आत गुलाबी मखमल, छताला चक्क झुंबर. तिचे नाव 'जिप्सी रोज'. पूर्व लॉस एंजेलिसच्या जेसी वालादेझ यांनी ती घडवून घेतली होती. रंगकाम वॉल्ट प्रे या रंगाऱ्याने केले. वालादेझ 2011 मध्ये वारले. त्यानंतर सहा वर्षांनी ही गाडी अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाली. कारखान्याने दिलेले रूप तिच्या अंगावर शोधूनही सापडले नसते, तरीही.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांत असा एक पंथ आहे की त्याला हे पटणेच शक्य नाही. या पंथाच्या मते गाडीचे खरे रूप एकच: ती कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवसाचे. रिम तीच, व्हीलकॅप तीच, रंगाचा नंबरही तोच. त्यानंतर मालकाने केले ते सगळे प्रदूषण. बाहेरून आणलेली चाके चढवणे आणि स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवणे ही तर त्यांच्या लेखी महापातके. हा वाद मोटारींचा वाटतो खरा, पण त्याच्या तळाशी असलेला प्रश्न धर्माच्या अभ्यासकांना चांगलाच ओळखीचा आहे. वस्तूचे सत्य रूप कोण ठरवतो, घडवणारा की भजणारा?

आधी ही महापातके होतात कशी, ते पाहायला हवे. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांतली पोरे स्वस्तातल्या जुन्या शेव्हरोले घेत. बाकीची तरुणाई इंजिन फुगवून शर्यती लावत होती. यांना उलट हळू जायचे होते, लोकांनी बघावे म्हणून. मग डिकीत वाळूची पोती टाका, नाहीतर स्प्रिंगचे एक-दोन वेढे कापून काढा. गाडी खाली बसते, आणि तिथून पुढे एकेक दुखणे सुरू होते. स्प्रिंगची हालचाल तोकडी झाल्याने खड्ड्यात गाडी थेट रबरी गुटक्यांवर आदळते. चाके आत कलतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. रिमची रुंदी चुकली की टायर वळणावर मडगार्डला घासतो, शिवाय बेअरिंगवर नको तिथे भार येतो. म्हणूनच गाड्या खाली बसवणाऱ्यांत पुढे मोठ्या चाकांऐवजी तारांच्या आऱ्यांची, मूळच्यापेक्षा लहान तेरा इंची चाके रूढ झाली.

कॅलिफोर्नियाच्या सरकारने यावर 1958 मध्ये कायदा केला: फेरफार केलेल्या गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा जमिनीच्या जवळ येता कामा नये. पोलीस चिठ्ठ्या फाडू लागले. 1959 मध्ये रॉन अगीरे या तरुणाने आपल्या कॉर्वेटला विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसले की बटण दाबायचे, गाडी कायदेशीर उंचीवर. पोलीस वळले की पुन्हा जमिनीलगत. उंची हा गाडीचा स्थायी गुणधर्म आहे, हे कायद्याचे गृहीतकच त्याने मोडीत काढले. तो कायदा रद्द व्हायला मात्र 1 जानेवारी 2024 उजाडावी लागली.

इथे कुणीतरी ग्रीक पुराणातल्या थीसियसचे जहाज काढणार, हे ठरलेलेच. फळ्या एकेक करून बदलल्या तर जहाज तेच राहते का? बौद्ध भिक्षू नागसेनाने राजा मिलिंदाला रथाचे उदाहरण दिले ते त्याहून खोल जाते: रथ चाकात नाही, आसात नाही, दांडीत नाही, या सगळ्यांवर लावलेले ते एक नाव आहे. पण दोन्ही दृष्टान्त इथे नेमके बसत नाहीत. जहाजाची फळी बदलली ती तशाच फळीने. इथे बदल मुद्दाम वेगळा केलेला असतो. गंमत अशी की थीसियसच्या नावाड्यासारखा वागतो तो शुद्धतावादीच. तो गंजलेला पत्रा कापून नवा लावतो, इंजिन नव्या सुट्या भागांनी भरतो, आणि शेवटी जवळजवळ नव्या गाडीला 'अस्सल' म्हणतो. ज्याने सगळा जुना पत्रा, जुनी सीट, जुने इंजिन ठेवून फक्त चार चाके बदलली, तो मात्र भ्रष्ट!

इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे 1990 मध्ये असाच खटला चालला. 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे ल मांची शर्यत जिंकणारी बेंटली, 'ओल्ड नंबर वन', एक कोटी पौंडांना विकायचे ठरले. घेणारा अडला: ही ती गाडीच नव्हे. त्याचे म्हणणे हवेतले नव्हते. इंजिन, सांगाडा, बॉडी, सगळ्यांत उलथापालथ झालेली. 1932 मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत चालकाचा बळी घेणारा अपघात होऊन तिची पुन्हा नव्याने बांधणी झालेली. 1929 चे तिच्यात फारच थोडे शिल्लक होते. न्यायमूर्ती ऑटन यांनी तरीही निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला, कारण तिचा इतिहास कुठे तुटलेला नव्हता. धातू बदलत गेला, पण गाडीचे आयुष्य सलग राहिले.

हाच प्रश्न घेऊन आता वणीकडे वळू. सप्तशृंगगडावरची अठरा हातांची देवी पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राने पाहिली ती शेंदराच्या थरांतून. देवघरांतल्या तसबिरींत, ट्रकच्या काचेवर, लग्नपत्रिकेवर तोच चेहरा. 2022 मध्ये मूर्तीच्या संवर्धनासाठी मंदिर काही आठवडे बंद ठेवून हे थर उतरवले गेले. शेकडो किलो शेंदूर निघाला आणि आतून रेखीव, निराळीच मूर्ती समोर आली. मग खरी देवी कोणती? शिल्पकाराने (किंवा श्रद्धेनुसार स्वतः देवीने) दगडात प्रकट केलेली, की भक्तांच्या बोटांनी थरावर थर चढवत घडवलेली? पुरातत्त्वाला दगड हवा, हे रास्त आहे. दगडाची झीज होत असेल तर शेंदूर उतरवलाच पाहिजे. पण शेंदूर म्हणजे मळ होता, असे म्हणायला जीभ रेटत नाही. कित्येक शतकांचे नवस त्यात मिसळलेले होते. जिप्सी रोजवरच्या रंगाच्या आणि लाखेच्या थरांकडे पूर्व लॉस एंजेलिस याच नजरेने पाहते. उद्या एखाद्या सद्भावी संग्राहकाने ते खरवडून खालची 'मूळ' इम्पाला बाहेर काढली, तर तो मूळ वस्तू वाचवणार नाही, तिचा नाश करील.

न्यू मेक्सिकोत तर ही उपमा नुसती उपमा राहत नाही, शब्दशः खरी ठरते. तिथल्या चिमायो गावात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेले मातीच्या विटांचे छोटे देऊळ आहे. त्यातल्या लहानशा खड्ड्यातली माती रोग बरे करते अशी श्रद्धा. गुड फ्रायडेला हजारो लोक चालत तिथे जातात. वारी पाहिलेल्याला हे सारे ओळखीचे वाटेल. त्याच दिवसांत जवळच्या एस्पान्योला गावाच्या रस्त्यावर खाली बसवलेल्या गाड्यांची रांग लागते. बॉनेटवर ग्वादालूपेची माता, डिकीवर काट्यांचा मुकुट घातलेला ख्रिस्त. चिमायोच्या डेव्ह नावाच्या तरुणाने 1969 ची फोर्ड एलटीडी अशी घडवायला घेतली. 1978 मध्ये तो मोटार अपघातात गेला. घरच्यांनी आणि मित्रांनी गाडी पुरी केली, नाव ठेवले 'डेव्ह्ज ड्रीम'. आज ती स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. तिच्याकडे पाहून फोर्डच्या रेखांकनकाराचा हेतू काय होता, असे विचारणे जरा आडमुठेपणाचेच होईल.

म्हणजे भक्ताला सगळे माफ? तसे नाही. आपल्याच परंपरेत एक मर्यादा आखलेली आहे. विठोबाला रोज वेगळा पोशाख चढतो, दागिने बदलतात, त्याने मूर्तीला बाधा येत नाही. उतरवले की मूर्ती आहे तशी. पण मूर्ती खंडित झाली की प्रश्न निराळा होतो. चार बोल्ट काढून चढवलेली चाके, कमानपाटे आणि आस यांच्यात घातलेला ठोकळा, हा शृंगार. चाक मावावे म्हणून मडगार्डची आतली कड कापणे, सांगाड्यालाच खाच पाडणे, हे खंडन. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाची तुरिनची सनदही साधारण याच वाटेने जाते: गाडीच्या आयुष्यात झालेले बदल हा तिच्या इतिहासाचा पुरावा मानावा, आणि आज नव्याने काही करायचे तर ते शक्यतो पूर्ववत करता येईल असे करावे.

ही रेघ सोयीची आहे, पण जिप्सी रोज तिच्या पलीकडे उभी आहे; तिथे जे झाले ते उलटवता येणारे नाही. तिला सूट मिळते ती संख्येमुळे. 1964 च्या इम्पाला लाखांनी निघाल्या. त्यातली एक खंडित होऊन नवे दैवत झाली तर कारखान्याची आठवण सांगायला बाकीच्या आहेत. एखाद्या मॉडेलची शेवटची दोन-चारच उरली असतील, तर मालकाच्या हातात करवत देताना माझ्यासारख्या उदारमतवाद्याचाही जीव कचरेल.

आपल्याकडे हा प्रश्न आता सरकारी कागदावर आला आहे. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, वीस हजार रुपये शुल्क भरून, 'व्हीए' अक्षरांच्या पाटीसह. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झाला असेल तर ती बाद. चाकांचे आणि स्प्रिंगांचे नाव या यादीत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या जुन्या फियाट एकेक करून या वयात पोचत आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच अलॉय चाकांवर, चार बोटे खाली बसलेल्या. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफाराला हरकत घेते, व्हिंटेजचे नियम चाकांबद्दल गप्प राहतात. तपासणी समितीला अशा फियाटभोवती फिरून 'मूळ रूप' या रकान्यात होय किंवा नाही यांपैकी एक लिहावे लागेल. जाणता मालक तोवर पोलादी रिमा आणि व्हीलकॅप माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवतो, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी जॅक लावतो.