निकालाचा छेद

दहावीच्या निकालात नजर जाते ती टक्केवारीवर. छेदात कोणाची नावे आहेत आणि कोणाची नाहीत, याकडे फारसे कोणी पाहत नाही. 2025 च्या मे महिन्यात राज्य मंडळाने जाहीर केलेला निकाल 94.10 टक्के होता. हा आकडा नियमित विद्यार्थ्यांचा. 17 नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसलेल्यांचा निकाल 80 टक्क्यांच्या आसपास होता आणि पुनर्परीक्षार्थींचा 40 टक्क्यांच्याही आत. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत अर्थात पहिलाच आकडा आला. त्याच वर्षी साडेसात हजारांहून अधिक शाळांचा निकाल शंभर टक्के लागला. अशा शाळांच्या फाटकावर दुसऱ्या दिवशी गुणवंतांच्या फोटोंचा फलक लागतो आणि वर ‘उज्ज्वल निकालाची परंपरा’ असे लिहिलेले असते. पण शंभर टक्के निकाल दोन रीतींनी लागू शकतो. वर्गात आलेल्या प्रत्येक मुलाला शिकवून पास करणे ही एक रीत. ज्याची खात्री वाटत नाही त्याला दहावीच्या वर्गापर्यंत पोहोचूच न देणे ही दुसरी. फलकाकडे पाहून यातली कोणती रीत वापरली ते कळत नाही. पहिल्या रीतीने निकाल लावणाऱ्या शाळा आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण ज्या शाळेतल्या शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात, मग ती जिल्हा परिषदेची असो, नगरपालिकेची असो वा अनुदानित, तिने दुसरी रीत वापरणे हा मुलावर उघड अन्याय आहे, असे मला वाटते.

हा अन्याय होतो तो शांतपणे आणि सगळ्यांच्या सह्यांनिशी. नववीची वार्षिक परीक्षा झाली की काठावरच्या मुलांच्या पालकांना शाळेत बोलावणे जाते. वर्गशिक्षक वाईट बोलत नाहीत. ‘दहावीचं वर्ष आहे, याला झेपायचं नाही. नववीतच बसवलं तर वर्ष वाया जाईल. त्यापेक्षा दाखला काढा, 17 नंबर भरा, एखादा क्लास लावा, निघून जाईल.’ समोर बसलेला बाप स्वतः सातवी-आठवीपर्यंत शिकलेला असतो, रोजंदारी बुडवून आलेला असतो. मास्तर सांगतात ते पोराच्या भल्याचेच असेल असे समजून तो अर्जावर सही करतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, ‘शाळा सोडण्याचे कारण’. त्यात लिहिले जाते ‘पालकांच्या विनंतीवरून’. एवढ्या दोन शब्दांत शाळेची जबाबदारी बापाच्या डोक्यावर जाते. पुढे कधी कोणी चौकशी केलीच, तर कागदोपत्री शाळेने काहीच केलेले नसते. वर्गात ज्यांचे नाव पाच-सहा वर्षे रोज पुकारले गेले, त्यातली काही मुले जूनमध्ये हजेरीपटावर नसतात, आणि पुढच्या वर्षीच्या निकालपत्रकात त्यांच्यासाठी रकानाही नसतो.

हे नववीतच घडते, याला कारण आहे. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंतचा. तोवर मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीत पाऊल टाकताच हे छत्र संपते, आणि दहावीचा निकाल तर वर्षभरावर आलेला असतो. या फटीत सापडणारी मुले कोण असतात तेही पाहायला हवे. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन उन्हाळ्यात परतणारी, घरात धाकट्या भावंडांना सांभाळणारी, हॉटेलात किंवा गॅरेजात हाताखाली राबणारी. हजेरी कमी, म्हणून गुण कमी, म्हणून नाव कमी. खेड्यातल्या मुलीच्या बाबतीत तर दाखल्याबरोबर आणखीही काही जाते. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो तो शाळेत जाण्यासाठी. नाव कमी झाले की पास नाही, पास नाही म्हणजे तालुक्याच्या गावी जाणे नाही, आणि घरी बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचा विषय नातेवाइकांच्या बोलण्यात कसा सुरू होतो ते सांगायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ 22 टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. तेवढ्या सगळ्यांचे खापर शाळांवर फोडता येणार नाही. पण मुलीचे लग्न लांबवणारी सर्वांत भक्कम सबब म्हणजे ‘ती शिकते आहे’, आणि नेमकी तीच सबब शाळा स्वतःच्या हाताने काढून घेते.

यावर शिक्षकांचे म्हणणे असे, की ज्याला धड वाचता येत नाही त्याला दहावीत ढकलण्यात कसले आले भले? मंडळाच्या परीक्षेत नापास होण्याचा घाव फार मोठा असतो. या म्हणण्यात तथ्य आहे. आठवीपर्यंत कोणालाच मागे ठेवायचे नाही या धोरणामुळे भागाकार न येणारी मुले नववीत आली, हेही खोटे नाही. पण त्यावरून निघतो तो निष्कर्ष एवढाच, की अशा मुलाला अधिक शाळा हवी. वाटल्यास त्याला पुन्हा नववीत बसवावे, सकाळचा जादा तास घ्यावा, सुट्टीत बोलवावे. ज्याला शिक्षकासमोर बसूनही येत नाही, त्याला शिक्षकाशिवाय येईल असे मानून 17 नंबरकडे पाठवणे हे कोणत्या तर्काने भल्याचे ठरते? आणि ज्या टक्केवारीसाठी हे करायचे, ती तरी किती खरी? 2018 मध्ये दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 मध्ये नवा अभ्यासक्रम आला, भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण बंद झाले, आणि निकाल 77.10 वर उतरला. 2020 मध्ये अंतर्गत गुण परत आले, निकाल 95.30. 2021 मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही, निकाल 99.95. महाराष्ट्रातली मुले एका वर्षात बारा टक्क्यांनी मठ्ठ आणि पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी हुशार होत नसतात. गुणपद्धतीच्या एका फेरफाराने असा खाली-वर होणारा आकडा सांभाळण्यासाठी मुलाचे आख्खे शिक्षण पणाला लावायचे, हा हिशेब मला पटत नाही.

17 नंबरचा फॉर्म ही सोय वाईट नाही, उलट फार मोलाची आहे. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बाईला, लहानपणीच कामाला लागलेल्या माणसाला त्या वाटेने दहावी होता येते. मात्र शाळेने नको असलेली मुले सोडून द्यायची जागा म्हणून तिचा वापर होऊ लागला, की सोयीचा हेतूच उलटा होतो.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मुख्याध्यापकांचा आहे. निकाल घसरला की कार्यालयाकडून खुलासा मागवला जातो, संस्थाचालक जाब विचारतात, आणि पालक शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेकडे वळतात. पट घटला की संच मान्यतेत शिक्षक अतिरिक्त ठरतो. साठ-सत्तर मुलांच्या तुकडीत, रिक्त पदे असताना, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे करून मागे पडलेल्या सहा मुलांकडे कोणी पाहायचे? हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच एकट्या वर्गशिक्षकाला दोषी धरून भागत नाही. आपण समाज म्हणून शाळेला एकच प्रश्न विचारतो, ‘निकाल किती?’ त्या प्रश्नाचे उत्तर सुधारण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग शाळेने शोधला, तर तो मार्ग आपणच तिला दाखवला आहे. तरीही दबाव होता म्हणून कृती योग्य ठरत नाही. खासगी क्लासवाल्याला आपली मुले निवडता येतात, कारण तो फीवर चालतो. सार्वजनिक शाळेला ती मुभा नाही, कारण तिचा खर्च त्या मुलाचा बापही साबणापासून चपलेपर्यंतच्या खरेदीतून भरत असतो. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू झाली ती ज्यांच्या घरात अक्षर शिरले नव्हते अशांच्या मुलांसाठी. हुशार मुले निवडूनच घ्यायची असती, तर कर्मवीर भाऊराव पाटलांना खेडोपाडी वणवण करण्याची गरज नव्हती.

तेव्हा प्रश्न बदलायला हवा, आणि त्यासाठी नवी यंत्रणाही नको. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते, प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाचा नोंदणी क्रमांक त्यात असतो. आठवीत किती मुले होती, त्यांतली किती त्याच शाळेतून दहावीला बसली आणि किती पास झाली, हा आकडा निकालाच्या आकड्याशेजारी लिहिता येईल. कोणी म्हणेल, कुटुंबे गाव सोडतात, बदल्या होतात, त्याचा ठपका शाळेवर का? बरोबर आहे, तो येऊ नयेच. पण 2015 पासून ‘सरल’ प्रणालीत विद्यार्थ्यांच्या नोंदी आहेत. दुसऱ्या शाळेने नाव मागवून घेतलेले मूल कोणते आणि दाखला घेऊन कुठेच न गेलेले कोणते, हे तिथे वेगळे करता येते. अशा मोजणीत पहिल्या वर्षी पुष्कळ फलक खाली उतरतील, आणि सगळ्या मुलांना बरोबर घेऊन 85 टक्के निकाल लावणारी एखादी शाळा, जी आज मान खाली घालून बसते, वर येईल. शिक्षण खात्याच्या आदेशाची वाट पाहण्याचेही कारण नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पालक-शिक्षक संघाची पहिली सभा होते. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात असलेली मुले आज कुठे आहेत, हा प्रश्न त्या सभेत कोणीही पालक विचारू शकतो, आणि त्याचे उत्तर नावांनिशी मागू शकतो.