एकत्व आणि संख्या : कचारगडच्या निमित्ताने

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेपाशी माघ पौर्णिमेला मध्य भारतातील गोंड समाज एकत्र येतो. गुहेत कोंडलेल्या पूर्वजांना पारी कुपार लिंगो या आद्य धर्मगुरूने येथेच मुक्त केले, अशी त्याची श्रद्धा आहे. या समाजाचे परमदैवत पेरसा पेन, म्हणजेच बडादेव. मग गोंड धर्म एकेश्वरवादी मानावा काय? उत्तर देण्यापूर्वी हा प्रश्नच तपासणे अगत्याचे आहे.

‘एकेश्वर’ या पदातील ‘एक’ सर्वत्र एकार्थी नाही. इस्लामच्या तौहीदमध्ये त्याचा अर्थ अन्य उपास्याचा निषेध असा होतो. ख्रिस्ती त्रैक्यसिद्धान्तात एकत्व तीन व्यक्तींना सामावून घेते. महानुभाव तत्त्वज्ञान जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य मानते. तेथे देवतांचे अस्तित्व नाकारलेले नाही, मोक्षदानाचे सामर्थ्य तेवढे परमेश्वराकडे राखले आहे. म्हणजे एकेश्वरवाद्यांमध्येही ‘एक’ ही केवळ मोजणी नाही.

गोंड परंपरेत तर संख्येचे कार्यच वेगळे आहे. चार, पाच, सहा व सात देवांना मानणारे कुलसमूह तेथे आहेत आणि समान देवसंख्येच्या कुळांत परंपरेने विवाह होत नाही. देव किती आहेत, हे ही संख्या सांगत नाही. सोयरा कोण आणि भाऊबंद कोण, हे ती सांगते. पेरसा पेनाचे थोरपण या गणनेने उणावत नाही.

स्टीफन हिस्लॉप यांच्या १८६६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या टिपणांतून लिंगोची गाथा इंग्रजीत गेली. ‘पेन’ला ‘गॉड’ हा प्रतिशब्द मिळाला, की त्यासोबत ‘एक की अनेक’ हा परका प्रश्नही येतो. पुढे ब्रिटिशकालीन जनगणनेने आदिवासींच्या श्रद्धा ‘अ‍ॅनिमिझम’च्या रकान्यात घातल्या. आज स्वतंत्र धर्मनोंदीची मागणी होत असताना ‘आम्हीही एकेश्वरवादी’ असे म्हणण्याचा मोह स्वाभाविक आहे. प्रतिष्ठेची भाषा तीच आहे. परंतु या मान्यतेची किंमत म्हणून कुळांची देवसंख्या अंधश्रद्धा ठरणार असेल, तर जी व्यवस्था जपण्यासाठी मान्यता हवी, तीच गमावली जाईल.

म्हणून येथे नैतिक जबाबदारी प्रथम प्रश्नकर्त्यावर येते. एखाद्या श्रद्धेचा आदर तिच्या देवसंख्येवर अवलंबून ठेवणे, हे त्या श्रद्धेचे आकलन नव्हे.