बसायला एकच जागा

अमेरिकेच्या हवाई नियमांत ‘भाग १०३’ म्हणून एक चिमुकले प्रकरण आहे. १९८२ साली ते लागू झाले. ते आहे अल्ट्रालाइट म्हणजे अगदी हलक्या उडत्या यंत्रांसाठी. यंत्राचे रिकामे वजन २५४ पौंडांच्या, म्हणजे साधारण ११५ किलोंच्या आत; टाकीत फार तर पाच गॅलन, म्हणजे एकोणीस लिटर इंधन; वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास थांबणारा; आणि बसायला एकच जागा. एवढे जमत असेल तर ते यंत्र उडवायला ना परवाना लागतो, ना डॉक्टरचा दाखला, ना यंत्राची नोंदणी. दिवसाउजेडी उडा, वस्तीवरून नि गर्दीवरून उडू नका, बाकी तुमचे तुम्ही बघा. आपल्याकडे मायक्रोलाइट उडवायचे म्हटले की डीजीसीएची नोंदणी आणि परवाना आलाच. एनसीसीच्या एअर विंगमधले कॅडेट मायक्रोलाइटमध्ये बसतात तेही शेजारी प्रशिक्षक घेऊन. त्यामुळे हा अमेरिकी मोकळेपणा वाचताना पहिल्यांदा छातीत धस्सच होते.

पण त्यातली शेवटची अट बघा. जीव धोक्यात घालायची हौस असेल तर स्वतःचा घाला, दुसऱ्याचा नाही. शेजारी कोणाला बसवलेत की कडक नियम लागू. सरकारने कुठवर लक्ष घालायचे, याची इतकी स्वच्छ रेघ मी तरी दुसऱ्या कुठल्या कायद्यात पाहिलेली नाही. नवल पुढेच आहे. एवढी मोकळीक असूनही हे हौशी लोक एकेकटे उडत बसले नाहीत. क्लब करून राहिले. कायद्याने ‘कोणी विचारणार नाही’ म्हणून सांगितले आणि यांनी विचारणारी माणसे आपणहून गोळा केली.

अशा क्लबाचा थाट बेताचाच असतो. कोणाच्या तरी शेतातली गवताची धावपट्टी, पत्र्याची शेड, वाऱ्याची दिशा दाखवणारा रंग उडालेला विंडसॉक. उडायचे ते सूर्योदयानंतरच्या दोनेक तासांत, नाहीतर संध्याकाळी. ऊन चढले की जमीन तापते, तापलेली हवा वर उसळू लागते आणि मोठ्या विमानाला जाणवणारही नाही अशा झोतावर हे हलके यंत्र हेलकावे खाते. म्हणून सुट्टीच्या दिवशीही ही मंडळी झुंजूमुंजू होताच शेतावर हजर. आल्याआल्या मात्र कोणी उडत नाही. आधी यंत्राभोवती सावकाश फेरी. प्रत्येक तारेला हात लावायचा, प्रत्येक बोल्टची पिन जागेवर आहे ना ते बोटाने चाचपायचे, पंखाचे कापड उन्हाने विरले तर नाही ना ते दाबून बघायचे. इंजिन बहुधा टू-स्ट्रोक. लूना चालवलेल्यांना सांगायला नकोच: पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे, आणि विसरलात तर इंजिन जाम. लूना रस्त्याच्या कडेला ढकलत नेता येते, एवढाच काय तो फरक.

या फेरीतला सगळ्यांत बेरकी शत्रू म्हणजे कुंभारीण माशी. टाकीत हवा शिरायला ठेवलेली बारीकशी नळी तिला घर बांधायला फार सोयीची वाटते. चिमूटभर चिखलाने ती नळी बुजवते आणि आपल्या वाटेने निघून जाते. आता इंधन खाली उतरेल तशी टाकीत हवा शिरत नाही, आत पोकळी होते, इंजिनाला इंधन पोचेनासे होते. जमिनीवर इंजिन मजेत सुरू होते, आणि घोडे अडते ते वर गेल्यावर. म्हणून तिथे डोळे किलकिले करून बघायचे, गरज पडली तर फुंकूनही बघायचे. ही खबरदारी कुठल्या कायद्याने लावलेली नाही. पण शेडच्या दारात चहाकॉफीचा मग घेऊन उभा असलेला कोणी म्हातारा तेवढ्यात विचारतोच, ‘नळी बघितलीस का रे?’

त्या म्हाताऱ्याची खरी कसोटी असते नवख्याच्या पहिल्या उड्डाणाला. नवखा शिकतो दोन जागांच्या, जड विमानात, शेजारी शिक्षक बसवून. आपले एकट्याचे यंत्र मात्र वागायला निराळे असते. हलके, त्यामुळे पटकन उचलते आणि इंजिन मंद केले की वेगही तितक्याच पटकन सोडते. त्यात शिक्षकाला जागा नाही, म्हणजे त्या यंत्रातले पहिले उड्डाण एकट्याचेच. अनुभवी माणूस खाली गवतात वॉकीटॉकी धरून उभा राहतो. आणि अशा वेळी जो कमी बोलतो तो चांगला, असे मला वाटते. वरच्याचे कान इंजिनाच्या आवाजाने भरलेले असतात, डोके त्याहून जास्त. ‘नाक थोडे खाली,’ एवढे सांगून गप्प बसायला मोठा संयम लागतो. आपल्या घरातल्या मुलांना स्कूटर शिकवताना आठवून बघा, किती बोलतो आपण!

क्लबाचे खेळही गमतीचे असतात. वरून पिठाच्या पुड्या टाकून जमिनीवरचे वर्तुळ गाठायचे. किंवा इंजिन मंद करून, आखलेल्या रेघेच्या जास्तीत जास्त जवळ चाके टेकवायची. दुसरा खेळ नुसता खेळ नाही. टू-स्ट्रोक इंजिन कधी दगा देईल याचा नेम नसल्याने, उडताना खाली एखादे मोकळे शेत सतत नजरेच्या टप्प्यात ठेवावे लागते. रेघेवर उतरायची सवय असली की वेळ आल्यावर ते शेत सापडते, बांध नाही.

मला या यंत्रांची सर्वांत आवडती गोष्ट त्यांचा संथपणा. १९८८ मध्ये बिल लिशमन या कॅनडाच्या शिल्पकाराने आपल्या अल्ट्रालाइटच्या मागे रानहंसांचा थवा उडवून दाखवला आणि १९९३ मध्ये तसाच थवा ओंटारिओहून थेट व्हर्जिनियापर्यंत नेला. पुढे २००१ पासून याच युक्तीने व्हूपिंग क्रेन या दुर्मिळ क्रौंचांच्या पिल्लांना विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाची वाट दाखवली गेली. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हे पक्षी रानात जेमतेम वीस-बावीस उरले होते. माणसाच्या देखरेखीखाली वाढलेल्या पिल्लांना वाट दाखवायला आईबाप नव्हते. मग वैमानिक पांढरे ढगळ अंगरखे घालून पुढे उडायचे आणि पिल्ले मागे. वाटेत वारा उठला की मुक्काम. एकेक मुक्काम कधी दिवसांचा, कधी आठवड्यांचा. शांत सकाळ मिळाल्याखेरीज कोणी हलायचे नाही. पिल्लेही नाहीत, माणसेही नाहीत.

क्लबातही असेच चालते. विंडसॉक आडवा झाला, की सगळी तयारी झालेली यंत्रे पुन्हा शेडमध्ये ढकलायची. त्या वेळी ‘एवढ्या वाऱ्याला काय घाबरायचे’ असे म्हणणारा एखादा असतोच. कायदा त्याच्या बाजूचा आहे, यंत्र त्याचे आहे, जीवही त्याचाच. त्याला अडवण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरी बाकीचे चार जण कामे टाकून त्याच्या यंत्रापाशी येऊन नुसते उभे राहतात. बहुतेक वेळा तेवढे पुरते. मग सगळे मिळून न्याहारीला बसतात. तिकडच्या फ्लाइंग क्लबांत पॅनकेकच्या न्याहारीची रीतच आहे, तिला शेजारच्या क्लबांतले लोक विमाने घेऊन येतात. हवा वाईट असली तर ते मोटारीने येतात, आणि खातातही तितकेच.