साक्षी आणि फ्लॅश

काकडआरतीच्या प्रहरी समया आणि काकडा यांखेरीज ज्या देवळात दुसरा उजेड नसतो, तेथे छायाचित्र घेण्याचा परवाना मिळालेल्या माणसापुढे उभा राहणारा प्रश्न वरकरणी यंत्राचा भासला तरी वस्तुतः धर्माचा आहे: त्याने साक्षी राहावे की कर्ता व्हावे? फ्लॅश थेट समोर रोखला, म्हणजे अंतर दुप्पट होताच प्रकाश चतुर्थांश उरतो या नियमानुसार पुढचा पुजारी पांढराफटक पडतो, मागचे टाळकरी काळोखात बुडतात, आणि ज्योतीचा तांबूस वर्ण, जो त्या प्रहराचा प्राणच होय, समूळ नाहीसा होतो. छत पांढरे व ठेंगणे असेल तर फ्लॅश वर वळवून, त्यावर नारिंगी जिलेटिन लावून सौम्य उजेड पसरविता येतो खरा. परंतु काजळलेले दगडी छत तो गिळून टाकते, आणि मिटल्या डोळ्यांच्या भक्ताची समाधी भंगते ती भंगतेच.

म्हणून माझा कौल ५० मिलिमीटरच्या, मोठ्या छिद्राच्या भिंगाला आहे. एफ/१.४ चे छिद्र एफ/२.८ च्या चौपट प्रकाश घेते. आयएसओ ३२०० ठेवून ज्योतीजवळचा चेहरा सेकंदाच्या साठाव्या भागात सहज उमटतो. डोळे रेखीव आले तर कान धूसर होतात, चित्रात रवाही दिसतो. पण ही न्यूनता पत्करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. कॅमेराही निवड करतोच, निखळ साक्षित्व त्याला साधत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. तथापि निवडणे वेगळे आणि जे तेथे नव्हते ते आणून ओतणे वेगळे. परवाना हाती असला तरी, वाचकहो, आरतीच्या वेळी फ्लॅश बंद ठेवा.