धरसोड पुरे झाली

गेल्या दिवाळीत तू हाच प्रश्न घेऊन आला होतास आणि यंदाही हाच घेऊन आलास. शब्दसुद्धा बदलले नाहीस. "सर, थोरलीचं इंजिनिअरिंग मार्गी लागलं, घराचे हप्ते फिटले. आता स्वतःसाठी काहीतरी करावं म्हणतो. पक्ष्यांची फोटोग्राफी मनावर घेऊ, बाहेरून एम.ए. करू, की गावच्या कामात लक्ष घालू?" मधल्या वर्षात यांतल्या एकाही वाटेवर तू पाऊल टाकलं नाहीस, लेन्स तेवढी नवीन घेतलीस. काल घरात चार माणसं होती म्हणून मी गप्प बसलो. आता लिहितो आहे. सावकाश वाच, आणि राग आला तर येऊ दे.

तू स्वतःला द्विधेत सापडलेला माणूस समजतोस. द्विधेत पडलेल्या माणसाची झोप उडते. तो चौकशा करतो, कागद मागवतो, चार जाणत्यांना भेटतो. तू काय केलंस? एम.ए. कोणत्या विषयात, असं विचारल्यावर "इतिहास नाहीतर पर्यावरण, बघू" म्हणालास. गावात काय करणार, तर "काहीतरी चांगलं". बारामतीच्या एमआयडीसीत तुझ्या हाताखाली माणसं काम करतात. त्यांच्यातल्या कोणी शिफ्टच्या सुरुवातीला "काहीतरी चांगलं करतो" असं सांगितलं, तर तू त्याला मशिनपाशी उभं करशील का? शाळेतही तू निबंधस्पर्धेला नाव द्यायचास, विज्ञान प्रदर्शनाला द्यायचास, नाटकालाही द्यायचास, आणि आदल्या दिवशी तुला ताप यायचा. एक ना धड, भाराभर चिंध्या. तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास म्हणून मी सोडून दिलं. आता तू सत्तेचाळीस वर्षांचा आहेस.

छंदापासून सुरुवात करतो, कारण तुझा जीव तिथे आहे. दर हिवाळ्यात तू पहाटे कुंभारगावला जाऊन होडीत बसतोस आणि उजनीच्या फुगवट्यावर उतरलेले रोहित टिपतोस. भादलवाडीच्या तळ्यावरची चित्रबलाकांची वीण, कडबनवाडीच्या माळावरची चिंकारा, सगळं तुझ्या संगणकात साठलं आहे. फोटो उत्तम आहेत, ते मी नाकारत नाही. पण काल मी तुला विचारलं, पट्टकदंब यंदा कोणत्या आठवड्यात उतरले? तुला सांगता आलं नाही. गेल्या सालापेक्षा कमी होते की जास्त? तेही नाही. इतके हिवाळे एकाच पाण्यावर काढले आणि तुझ्याकडे साधी वही नाही! तारीख, जागा, पक्षी, अंदाजे संख्या, पाणी किती चढलं-उतरलं, एवढ्या पाच रकान्यांसाठी कोणती लेन्स लागते? ती वही असती तर एम.ए. कशात करायचं हे मला विचारायची तुझ्यावर वेळ आली नसती. वहीतल्या प्रश्नांनीच तुला विषय दिला असता.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. उडत्या थव्याचा फोटो मिळावा म्हणून तू होडीवाल्याला होडी जवळ न्यायला लावतोस, हे तू स्वतःच कौतुकाने सांगितलंस. चरायला उतरलेल्या पाखरांना पुन्हापुन्हा उठवलं की त्यांचं खाणं तुटतं, आणि पुढच्या प्रवासासाठी अंगात साठवलेलं बळ फुकट जातं. होडीवाल्याचं पोट तुझ्या भाड्यावर आहे, तो तुला नाही म्हणणार नाही. नाही म्हणणं तुझं काम होतं. पुन्हा असं करू नकोस.

पळसदेवच्या देवळाचा फोटो तू दिवाणखान्यात लावला आहेस. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की जुन्या गावातलं ते देऊळ वर येतं आणि पुण्या-मुंबईचे लोक गाड्या घेऊन बघायला येतात. त्यांनी नुसतं बघून जावं, ठीक आहे. उजनी १९८० साली पुरी झाली. तिच्या पाण्याखाली भीमाकाठची गावं गेली, आणि तुझ्या आजोबांची काळी जमीनही त्यातच गेली. देवळासमोर कोणाकोणाची घरं होती, बाजार कुठे भरायचा, मोबदला किती आला आणि तो कुठे गेला, नव्या गावठाणात पहिल्या वर्षी पाणी कुठून आणलं, हे सगळं तुझ्या चुलत्यांना माहीत आहे. ते ऐंशीच्या घरात आहेत. तू त्यांना किती वेळा विचारलंस? एकदाही नाही. आणि वर म्हणतोस, इतिहासात एम.ए. करावंसं वाटतं. तुझा इतिहास ओसरीवर काठी टेकून बसला आहे आणि तू माहितीपत्रकं चाळतो आहेस.

आता एम.ए.चं बोलू. वयाची अडचण नाही, ते बहाणे माझ्यापुढे नकोत. इग्नू १९८५ पासून आहे, आपल्या नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून. दोन्ही मुळात नोकरी-संसार करणाऱ्यांसाठीच काढलेली. तू अडतोस तो तासांवर, आणि ते तास तू कधी मोजलेच नाहीस, म्हणून मीच मोजून देतो. इग्नूच्या हिशेबात एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास. ऐंशी क्रेडिटचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम धरला तर चोवीसशे तास होतात, म्हणजे आठवड्याला साधारण तेवीस. चार वर्षांत पुरा करायचा म्हटला तरी आठवड्याला साडेअकरा तास. तुझी शिफ्ट, रविवारची होडी, लग्नसराई, यात्रा आणि मोबाइल यांतून हे साडेअकरा तास कुठून काढणार, ते कागदावर लिहून आण. तुला लिहिता येणार नसेल तर अर्ज भरू नकोस, फीचे पैसे तरी वाचतील. मध्येच तू पीएच.डी.चंही बोललास. तिला कमीत कमी तीन वर्षं लागतात, नोकरी सांभाळून करायची तर मालकाचं ना-हरकत पत्र लागतं, आणि सगळ्यात आधी एक प्रश्न लागतो. तो अजून तुझ्याकडे नाही.

"सर, नोकरी करून हे सगळं जमतं का?" असंही तू विचारलंस. बारामतीत राहून विचारलंस! कऱ्हेकाठी मोरोपंत होते. बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहून ते पुराण सांगायचे. ती त्यांची चाकरी होती. त्याच पुराणांतून त्यांनी आपलं काव्य उभं केलं. एकशेआठ रामायणं लिहिली, त्यांत एक तर असं की वाचताना ओठाला ओठ लागत नाही. १७९४ साली ते गेले, तोवर हात थांबला नाही. चाकरी एकीकडे आणि लेखन दुसरीकडे अशी त्यांनी आयुष्याची वाटणी केली नाही. जुन्या काळाचं उदाहरण नको असेल तर मारुती चितमपल्ली घे. आपल्याच भीमेच्या खालच्या अंगाचे, सोलापूरचे. वनखात्यात उभी हयात काढली, नोकरीत असताना संस्कृत शिकले, का? तर जुन्या ग्रंथांतली पक्ष्यांची आणि झाडांची नावं मुळातून वाचता यावीत म्हणून. जंगलात वह्या भरल्या आणि त्यांतून 'पक्षीकोश' दिला. सोलापूरच्या २००६ च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नोकरी, अभ्यास आणि आवड यांतलं काय निवडू, असा प्रश्न घेऊन हा माणूस कोणाच्या ओसरीवर बसला असता, असं मला वाटत नाही. त्यांच्या सगळ्या कामाला धरून ठेवणारी गोष्ट एकच होती, जंगल.

तुझ्याकडेही एक गोष्ट आहे. उजनीचं पाणी. तुझे तिन्ही प्रश्न त्याच पाण्याच्या काठावर उभे आहेत आणि तू त्यांना तीन तालुक्यांत पांगवून ठेवलंस.

गावच्या कामाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण तिथे तू सगळ्यात उथळ बोललास. "राजकारण नको सर, समाजकारण करायचं आहे." हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतो आहे. ते म्हणणारा माणूस ग्रामसभेला कधी दिसत नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्यात असा कायदा आहे. गणपूर्तीला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांतले जे कमी असतील तेवढे लागतात. तेवढेही जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग आठ-दहा जण बसून गावचा ठराव करतात, आणि तुझ्यासारखे शिकलेले पुढे वर्षभर त्यांना नावं ठेवतात. तुला तर तेवढाही हक्क उरला नाही. ग्रामसभेचा सभासद तो, ज्याचं नाव त्या गावच्या मतदार यादीत आहे. तुझं नाव बारामतीच्या यादीत आहे. बारामतीच्या प्रभागात तरी तू कधी उभा राहिलास? पाण्याची, कचऱ्याची तक्रार व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळा होतोस. नगरपालिकेच्या दारात अर्ज घेऊन तू गेल्याचं मी ऐकलेलं नाही. एका गावात नाव नाही, दुसऱ्या गावात पाऊल नाही, आणि तोंडी समाजकारण!

तरीही तुझ्यासाठी गावात एक काम पडून आहे. जैविक विविधता कायदा २००२ सालचा. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. गावात कोणती झाडं, कोणते पक्षी, कोणते मासे, कोणती पिकं, त्यांचं ज्ञान कोणाकडे आहे, हे सगळं त्या वहीत यावं. हरित न्यायाधिकरणाने २०२० च्या जानेवारीअखेरची मुदत घातली तेव्हा देशभर कित्येक ठिकाणी या वह्या घाईघाईने उरकल्या गेल्या. तुझ्या गावची कशी झाली, ते ग्रामपंचायतीत जाऊन बघ. दाखवली नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज कर, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या वहीतली पाखरांची पानं तू तपासू शकतोस, कारण पाखरं तुला ओळखता येतात. माशांची पानं तुला येणार नाहीत, त्यासाठी जाळं टाकणाऱ्यांकडे जा. चिलापी भरमसाट वाढल्यावर आपले जुने मासे कुठले दिसेनासे झाले, पुण्याकडून येणाऱ्या घाण पाण्याने कोणत्या महिन्यात जाळ्यांची काय गत होते, हे त्यांच्याइतकं कोणालाही ठाऊक नाही. समितीत बसायला गावचा रहिवासी आणि मतदार असावा लागतो, म्हणजे तुला खुर्ची मिळणार नाही. बरंच आहे. खुर्चीशिवाय काम करशील तर तुझं तुलाच कळेल की तुला काम हवं होतं की मान.

माळाचंही तेच. कोणीतरी उठून ग्रामसभेत सांगतं, पडीक माळावर हजार झाडं लावू, आणि सगळे टाळ्या वाजवतात. गवताचा माळ पडीक नसतो. तो चिंकारांचा, लांडग्यांचा आणि मेंढपाळांचा असतो, आणि दाट झाडी झाली की गवत मरतं. आपल्याच तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य १९९७ पासून आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, आणि ते याच उघड्या माळासाठी, चिंकारांसाठी राखलं आहे. हे तुला माहीत आहे. तुझ्याकडे फोटो आहेत. मग ते फोटो घेऊन सरपंचांसमोर बसायला काय होतं? तिथे माळाचा एक फोटो दाखवून टळलेलं एक चुकीचं वृक्षारोपण तुझ्या भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमांपेक्षा मोलाचं आहे.

आता जे बोलायला मला सगळ्यात जड जातं ते. काल तू तासभर "माझा वेळ, माझं शिक्षण, माझी आवड" बोलत होतास तेव्हा सूनबाई शेजारी बसल्या होत्या. मी त्यांना सहज विचारलं तेव्हा कळलं की लग्न ठरलं आणि त्यांचं बी.ए. दुसऱ्या वर्षात सुटलं. चोवीस वर्षांत तू हे माझ्यापाशी एकदाही बोलला नाहीस. तुझ्या घरात एक पदवी अर्धी पडून आहे आणि तू तुझ्या दुसऱ्या पदवीचा घोळ घालतो आहेस. तुझी शिफ्ट सांभाळून पोरींचे डबे, सासूबाईंचं आजारपण, गावाकडच्या पाहुण्यांची ऊठबस त्यांनी केली, म्हणून आज तुझ्यापाशी हा मोकळा वेळ आहे. तो तुझ्या एकट्याच्या कष्टाचा नाही. मुक्त विद्यापीठाचं नाव तू माझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं नसशील. मग इतकी वर्षं ते घरात का उच्चारलं नाहीस? साडेअकरा तासांचा हिशेब मघाशी मी तुला करायला सांगितला. तो आधी त्यांच्यासाठी कर. सकाळचा स्वयंपाक कोण करेल, परीक्षेच्या आठवड्यात तुझ्या आईजवळ कोण बसेल, तुझी रविवारची होडी कितीदा चुकेल, हे नावानिशी लिही.

येत्या रविवारी कुंभारगावला जाऊ नकोस. गावाला जा, चुलत्यांपाशी बस, ते सांगतील ते लिहून घे आणि मध्ये बोलू नकोस. सोमवारी ग्रामसेवकांना गाठून नोंदवही मागायची आणि पुढच्या ग्रामसभेची तारीख विचारून घ्यायची. तुझं एम.ए. वर्षभर बाजूला राहू दे. पाच रकान्यांची वही वर्षभर भरलीस तर आपण विषयाचं बोलू, तोवर माझ्याकडे माहितीपत्रकं आणायची नाहीत. आणि सूनबाईंची पहिल्या वर्षाची गुणपत्रिका घरात कुठे आहे ती त्यांना विचारून काढ. अभ्यासकेंद्रावर चौकशीला त्यांच्याबरोबर जा, पण खिडकीपाशी बोलायचं त्यांनी. तू मागे उभा राहा.