दुसऱ्यांदा नागीण, दुसऱ्यांदा तीच टाळाटाळ

दुसऱ्यांदा नागीण उठली आणि दुसऱ्यांदा तू पाचव्या दिवशी डॉक्टरांकडे गेलास. पहिल्या वेळी माहीत नव्हतं, समजू शकतो. या वेळी काय झालं होतं? बरगडीखाली एकाच बाजूला आग होत होती, सदरा लागला तरी कळ उठत होती. तुला कळलं नाही? चांगलं कळलं होतं. म्हणून तर बायकोपासून लपवलंस.

कारणं तुझी तोंडपाठ. पेपर तपासायचे होते. घामोळं वाटलं. पाण्याचे फोड दिसले तर त्यावर गेरू फासलास! वर नागिणीची दोन तोंडं जुळतायत का, ते आरशात बघत बसलास. अरे, दहावीला विज्ञान शिकवतोस ना? लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो. प्रतिकारशक्ती ढिली पडली की त्याच तंतूच्या वाटेने कातडीवर येतो, म्हणून पट्टा अंगाच्या एकाच बाजूला उठतो. तोंडं जुळली की माणूस जातो, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलंस?

पुरळ दिसल्यापासून ७२ तासांत औषध सुरू व्हायला हवं. ते तू घालवलेस. नवे फोड येत होते म्हणून डॉक्टरांनी तरीही असायक्लोव्हिर दिलं : ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. तू तिसऱ्या दिवशीच बंद केलंस. का, तर गोळ्या गरम पडतात! सून गरोदर आहे. तुझ्या उघड्या फोडांतून तिला कांजिण्या होऊ शकल्या असत्या. तिला पूर्वी झाल्यात का, एवढं तरी विचारलंस?

आता खपल्या पडल्या, पण ठणका आहे. आणि तू म्हणतोस, 'सहन करतोय.' कोणावर उपकार? हे दुखणं तीन महिन्यांपुढे गेलं तर ते फोडांचं राहत नाही, दुखावलेल्या मज्जातंतूचं होतं, आणि वर्षानुवर्षं पिच्छा पुरवू शकतं. साठीच्या पुढे धोका वाढतो. सुरुवातीचं दुखणं जितकं जबर, तितका जास्त. तू एकसष्टचा आहेस. हिशेब कर. या दुखण्यावर प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं असतात. मात्रा हळूहळू वाढवावी लागते, झोप येते. चार दिवसांत गुण नाही म्हणून ती फेकायची नसतात. डॉक्टरांना न विचारता बंदही करायची नसतात.

लसही आहे. २०२३पासून भारतात मिळते, पन्नाशीपुढच्यांना, दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. नागीण होऊन गेली असली तरी घेता येते. महाग आहे, मान्य. पण दर दोन वर्षांनी मोबाइल बदलताना हा विचार आठवत नाही तुला!

तू अडाणी असतास तर इतकं बोललो नसतो. तुला सगळं समजतं, तरी पुढे ढकलतोस, राग त्याचाच आहे. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा. ठणका कुठे, कधी, किती, ते लपवाछपवी न करता सांग. साखर तपासून घे. नागीण पुन्हा का उठली, तेही विचार. लसीची तारीख ठरव. आणि पुन्हा कधी नाकावर किंवा डोळ्याजवळ फोड दिसला, तर सकाळचीही वाट बघू नकोस. दृष्टी जाऊ शकते. ऐकलंस?